उत्तरावर ठेवलेला हात

पाटीवर मी उत्तर लिहिलं रे लिहिलं, की तिचा हात यायचा. ती सदऱ्यांची काजं शिवायची, म्हणून मधल्या बोटात पितळेचं अंगुस्तान कायम. तो हात उत्तरावर उपडा पडायचा, अंगुस्तान पाटीवर टक्कन वाजायचं आणि ती म्हणायची, "जवाब रहने दो. रस्ता दिखाओ."

पाण्यात म्हैस बसावी तसा तो हात बसायचा. मी कितीही चिडलो तरी उठायचा नाही.

माणसाला राग येईल की नाही, तुम्हीच सांगा. उत्तर बरोबर आहे. मला माहीत आहे बरोबर आहे, तिलाही माहीत आहे. मग झाकायचं कशाला? पण नाही. "दिया क्या है? माँगा क्या है?" इथून सुरुवात. दोन वर्षं मी ही दोन वाक्यं ऐकली. आजही कानात टक्कन वाजतं आणि डोकं उठतं.

तिचं नाव मला माहीत नाही. फाळणीत सिंधहून आलेल्या निर्वासितांच्या कॅम्पातली तिची सगळी बरॅक तिला अदी म्हणायची. सिंधीत अदी म्हणजे ताई. मला ती अदा म्हणायची, म्हणजे भाऊ. ताईला कोणी अहोजाहो करत नाही, म्हणून मीही केलं नाही, आणि आता लिहितानाही करणार नाही.

मी मोरिवलीचा. आमच्या खाचरांवर कारखान्याच्या शेड उठल्या आणि त्या शेड उठवायला आम्हालाच रोजंदारीवर घेतलं. बांधकाम संपलं की रोजंदारीवाले घरी जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. कायम व्हायचं तर एकच वाट होती. गोदामात आवकजावक बघायला चार माणसं हवी होती आणि त्यासाठी गणिताचा पेपर होता. शाब्दिक गणितं. नापास झालास तर आणखी एकदा बसता येईल, तिसऱ्यांदा नाही, असं साहेबांनी सांगितलं होतं. घरी जमीन राहिली नव्हती. नोकरी गेली तर मी करणार काय होतो? देवळापाशी बेलाची पानं विकत बसणार?

शाळा माझी तिसरीपर्यंत. पण पावकी, निमकी, दीडकी सगळं तोंडपाठ. हिशेबात मला गावात कोणी हरवत नसे. मला शिकवणी कशाला, असंच मी म्हणत होतो. पण माझ्याबरोबर विटा वाहणारा लच्छू म्हणाला, "अपने कॅम्प में अदी है. उधर सिंध में लडकियों के स्कूल में मास्तरीण थी. आके तो देख."

बघायला गेलो, आणि अडकलो.

पाळी चार वाजता सुटायची. शिवमंदिराच्या मागून नदीत उतरून पलीकडे गेलं की कॅम्पातल्या पहिल्या बरॅकी लागायच्या. एका लांबलचक बरॅकीत गोणपाटाचे पडदे लावून खोल्या केलेल्या. लच्छूच्या शेजारची तिची. बाहेर ओट्यावर ती उपड्या डब्यावर बसलेली, मांडीवर सदरे, दातांत दोरा. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दोरा न काढताच म्हणाली, "बोलो, कितना आता है?"

"सगळं येतं," मी म्हणालो.

"तो आये क्यूँ?"

लच्छू फिदीफिदी हसला. माझी कानशिलं तापली. मी म्हणालो, घाल कुठलंही गणित.

तिने विचारलं, तुझ्या घरी काय आहे? मी म्हणालो, पेंढा आहे. तर लगेच गणित तयार. गंजीत साडेसातशे पेंढ्या. एका भाऱ्यात पंचवीस. भारे किती? तिचं वाक्य संपायच्या आत मी म्हणालो, "तीस." आणि पाटीवर हे भलंमोठं तीस काढलं.

टक्. आला हात.

"कैसे?"

"कसे म्हणजे? तीस."

"वो तो सुना. कैसे?"

"अगं अदी, साडेसातशेत पंचवीस तीसदा जातात. यात कसं काय आलं? सूर्य कसा उगवतो ते विचारशील."

"वो भी पूछूँगी," ती म्हणाली. "पहले ये."

त्या दिवशी एका गणिताला पाऊण तास गेला. दिलेलं काय, पेंढ्या. आणखी दिलेलं काय, भाऱ्यातल्या पेंढ्या. मागितलं काय, भारे. मग गुणायचं की भागायचं? का भागायचं? मी घरी जाताना नदीत उभं राहून तिला चार शिव्या हासडल्या. मोठ्याने हासडल्या. पलीकडे कपडे धुणाऱ्या बाया बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. का गेलो ते मला विचारू नका. "तो आये क्यूँ" हे मला झोंबलं होतं, एवढं खरं.

फी काय घेणार, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, रोज एक गणित आणायचं. पुस्तकातलं नको, तुझ्या घरातलं. आता ही फी सोपी वाटते, पण मला रोज घरातलं गणित शोधावं लागायचं. आई चुलीशी बसली की मी लाकडं मोजायचो. ती म्हणायची, "क्या रं, लाकरां मोजतंस? चोरीला गेलीन का?"

अदीला मराठी वाचता येत नव्हतं. तिची लिपी वेगळी, उजवीकडून डावीकडे जाणारी. आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. पाटीवर तिची अक्षरं एका बाजूने यायची, आकडे दुसऱ्या बाजूने निघायचे आणि मधे कुठेतरी दोघांची टक्कर व्हायची. मी म्हणायचो, "तुझं गणित स्वतःलाच आडवं येतंय." ती म्हणायची, "आडवं आलं तरी कळतं. तुझं सरळ आहे, पण एकटं आहे." सहा महिन्यांत ती असं मराठी बोलायला लागली होती. माझ्याकडूनच शिकली आणि माझ्यावरच चालवायची.

तिची पाण्याची गोष्ट सांगतो, म्हणजे बाई कशी होती ते तुम्हाला कळेल. बरॅकीच्या टोकाला एक नळ. पाणी संध्याकाळी एक तास. रांगेत वीस बायका. ही आपले हंडे घेऊन जायची, रांग बघायची, आणि हिशेब सुरू. तोही मोठ्याने. एका हंड्याला तीन मिनिटं. एका घराचे दोन हंडे, म्हणजे सहा मिनिटं. तासाची मिनिटं साठ. म्हणजे दहा घरं. "दस के बाद सब घर जाओ," असं सांगून स्वतः चौदावी असली तर सरळ परत यायची. आणि येऊन काज शिवायला बसायची. बायका तिच्यावर दात खायच्या. पाणी मिळणार नाही हे प्रत्येकीला ठाऊक होतं, पण असं तोंडावर कोणी सांगतं का?

एकदा काय झालं, पाणी दोन तास आलं. सगळ्यांना मिळालं. हिलाच नाही, कारण ही हिशेब करून घरी बसली होती. त्या दिवशी बायकांनी तिला काय काय ऐकवलं! ती आपली शांत. म्हणाली, "दिया था एक घंटा. झूठ नल ने बोला, मैंने नहीं."

अशा माणसाशी काय बोलणार?

लावणीच्या गणिताने तर आमचं जोरात वाजलं. मी आणलेलं गणित. सहा बाया एक खाचर दोन दिवसांत लावतात. चार बाया किती दिवसांत लावतील? तिने पायऱ्या मांडल्या. सहा बाया, दोन दिवस, म्हणजे एकटीला बारा दिवस. चार बायांना तीन. उत्तर तीन.

मी म्हणालो, "बाया कुठल्या त्यावर आहे."

"मतलब?"

"सखूमावशी असली तर चार बायाच दोन दिवसांत उरकतील. ती नुसती बांधावर उभी राहिली तरी बाकीच्यांचे हात चालतात."

"सवाल में मावशी है ही नहीं."

"खाचरात आहे ना!"

"सवाल में नहीं है, अदा!"

"मग तुझ्या सवालात भात लाव आणि तेच खा."

तिने सुई सदऱ्यात खोचली आणि मला हाकलून दिलं. मीही गेलो. चार दिवस गेलोच नाही. पाचव्या दिवशी लच्छू म्हणाला, अदी विचारत होती, मावशीचं वय काय?

पहिला पेपर आला. पाच गणितं. मी पाचही अर्ध्या तासात सोडवली. सोडवली म्हणजे पाच उत्तरं लिहिली. कागदावर पाच आकडे, खाली माझी सही. पायऱ्या लिहायला मला कमीपणा वाटला. येत नाही त्याने पायऱ्या चढाव्या. मला येत होतं.

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "उत्तरं सगळी बरोबर. कोणाचं बघून लिहिलंस?"

माझ्या एका बाजूला भिंत होती. दुसऱ्या बाजूला जो बसला होता त्याचा कागद कोरा होता. मी तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "मग कशी काढलीस ते सांग." आणि मला सांगता येईना. उत्तर माहीत होतं, पण तोंडातून रस्ता निघेना. नापास.

तसाच तरातरा कॅम्पात गेलो. मला वाटलं, अदी तरी म्हणेल, साहेब गाढव आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिलं गणित काय होतं? दिलं काय?"

मी पाटी उचलली आणि ओट्यावर आपटली. कोपरा तुटून लांब उडाला. सदऱ्यांवर काळी धूळ बसली. तिचं दिवसभराचं काम.

ती उठली, तुटका तुकडा आणला, पाटीला जोडून बघितला, बोटांनी मापला. म्हणाली, "कितवा हिस्सा तुटला?"

देवाशपथ, मला रडूच आलं. रागाने. पण मी मोजलं. लांबी मोजली, रुंदी मोजली. तुकडा तिकोनी, म्हणून आणखी भांडण झालं. अंधार पडायच्या आधी उत्तर निघालं, बत्तिसावा हिस्सा. आणि पहिल्यांदा माझ्या हाताने सगळ्या पायऱ्या लिहिल्या गेल्या. ती सदरे झटकत होती. हात ठेवायला आलीच नाही.

त्यानंतर ती तुटक्या कोपऱ्याची पाटीच चालली. नवी घेऊ दिली नाही तिने.

दुसऱ्या पेपराला दोन महिने राहिले असतील तेव्हा पायलीचं भांडण निघालं. गणित साधं. एका पायलीत चार शेर. मी म्हणालो, चारहून जास्त. ती म्हणाली, किताबात चार आहेत, तूच वाचून दाखवलंस. मी म्हणालो, किताबवाला मापाच्या काठावरून हात फिरवून सपाट मोजतो. आमच्याकडे धान्य सपाट मोजत नाहीत. पायलीवर शीग लागते, वर डोंगर उभा राहिला पाहिजे. सपाट पायली दिली तर देणाऱ्याच्या घराण्याला नावं ठेवतात.

"वो ऊपरवाला डोंगर कितना?"

"डोंगर म्हणजे डोंगर. तो कोण मोजतो?"

ती परत काजाकडे वळली. मला वाटलं, जिंकलो. काज संपवून म्हणाली, "पायली आण. तांदूळ पण आण."

आता आईला काय सांगू? लाकडी पायली आणि तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन मी निघालो तर ती दारात आडवी. "लोकांची पोरां शालंतशी अक्कल आनतान, तू शालंत तांदूल घेऊन चाललास?"

ओट्यावर चादर अंथरली. मी पायली भरायचो, शिगोशीग. ती काठावरून हात फिरवून वरचा डोंगर वेगळा काढायची. चार पायल्या केल्या. चारींची शीग एकत्र केली आणि शेराच्या मापात ओतली. बरोबर एक शेर. दाणा इकडे नाही, तिकडे नाही. ती अशी हसली की काय सांगू! तेवढं हसताना मी तिला त्याआधी बघितलं नव्हतं. तांदळात दोन्ही हात घालून बसली होती आणि म्हणत होती, "डोंगर मोजला, अदा! डोंगर मोजला!"

मग अंगुस्तान टक्कन वाजवून म्हणाली, "आता लिही. शीग धरली, असं पहिल्या ओळीत लिही. मावशी धरली तरी लिही. काय धरलंस ते लिहिलंस, की मग कोणाच्या बापाला घाबरू नको."

त्याच दिवशी मी तिला म्हणालो, फी मीच किती दिवस देऊ? एक गणित तुझ्या घरचं सांग.

ती आधी नको म्हणाली. मग काज शिवता शिवताच सांगितलं. तिच्या बापाच्या मळ्यात विहिरीवर रहाटगाडगं होतं. बैल गोल फिरायचा, दोरावरचे मातीचे लोटे खाली जाऊन भरून वर यायचे आणि हौदात ओतायचे. एका लोट्यात तीन शेर पाणी. दोराचे वीस फेरे झाले की हौद भरायचा. हौदात पाणी किती शेर? बापाने तिला घातलेलं हे पहिलं गणित.

"लोटे किती दोरावर?" मी विचारलं.

तिची सुई थांबली. तीस म्हणाली. मग म्हणाली, नाही, चाळीस असतील. डोळे मिटून बोटाने हवेत मोजायला लागली, जसा तो दोर समोरून वर चालला आहे. मधेच चुकली. पुन्हा पहिल्यापासून. "वरी," ती म्हणाली. सिंधीत वरी म्हणजे पुन्हा. आणि परत चुकली.

"सोड ना," मी म्हणालो. "धर तीस."

"कैसे धरूँ?" ती माझ्यावर खेकसली. "तीस नहीं थे! मैंने गिने थे!"

मी चादरीवरचे दाणे वेचायला लागलो. पाटीवर तिने काहीच लिहिलं नाही. शेवटी म्हणाली, "अधुरा सवाल है. जा घर."

दुसरा पेपर. तिसरं गणित असं होतं: कणगीत तीस पायल्या तांदूळ आहे. घरात रोज पाच शेर लागतो. तांदूळ किती दिवस पुरेल?

पेन्सिल कागदावर टेकवली आणि परत उचलली. सपाट लिहू की शिगेची? सपाट लिहिलं की उत्तर पुस्तकासारखं येणार आणि मी पास होणार, हे मला दिसत होतं. पण ती कणगी कोणाची? कणगी म्हटलं की मला आमचीच दिसायची. त्या घरात सपाट पायलीने कोणी तांदूळ भरला नव्हता. मी लिहिलं, आमच्याकडे पायलीला शीग असते, ती धरली आहे, चार पायल्यांची शीग एक शेर. मग एकशे वीस शेर अधिक साडेसात शेर, झाले एकशे साडेसत्तावीस. भागिले पाच. साडेपंचवीस दिवस.

साहेबांनी परत बोलावलं. "उत्तर चोवीस आहे," ते म्हणाले. "हे साडेपंचवीस कुठलं काढलंस? आणि शीग म्हणजे काय?"

साहेब मुंबईचे. त्यांच्या टेबलावर टाचण्यांच्या दोन डब्या होत्या. मी एकीतल्या टाचण्या दुसरीत ओतल्या, वर डोंगर होईपर्यंत. म्हणालो, "ही शीग. ही तुम्ही खाली पाडून मोजता, आम्ही घरी नेतो." दोन-चार टाचण्या माझ्या बोटात घुसल्या, पण मी तोंड वाकडं केलं नाही.

साहेब माझा कागद वाचत राहिले. एकेका ओळीवर बोट ठेवून. मग शिगेच्या ओळीवर पेन आडवा धरला, ती ओळ झाकली आणि पुढचं स्वतः मोजलं. चोवीस आलं. हसले. म्हणाले, "याला येतंय."

कायम झालो. पुढे तीस वर्षं त्या गोदामात काढली.

कायम झालो त्या दिवशी पाळी सुटायची वाट बघितली नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरून शिगोशीग पायलीभर तांदूळ फडक्यात बांधला आणि नदी ओलांडून गेलो. ओट्यावर डबा नव्हता. गोणपाटाचा पडदा नवा होता, आत दुसऱ्याच कोणाची तरी माणसं जेवत होती.

लच्छू बाहेर आला. म्हणाला, अदी परवा गेली. अजमेरकडे तिचा भाऊ निघाला जिवंत, तोच येऊन घेऊन गेला. पत्ता? पत्ता कोणाला माहीत.

मला इतका राग आला तिचा! दोन वर्षं उत्तरावर हात ठेवून बसलीस, आणि उत्तर आलं त्या दिवशी थांबायला काय झालं होतं? दोन दिवस! मी तो तांदूळ खाली ठेवला आणि लच्छूलाच बोलत सुटलो. त्याने मला बोलू दिलं. मग आत गेला आणि ती तुटक्या कोपऱ्याची पाटी घेऊन आला. पाटी कोरी होती. म्हणाला, "तेरे लिये छोड गई. और बोली, अदा को बोलना, छत्तीस थे. एक फूटा हुआ."

"काय?"

"मुझे क्या मालूम! टांग्यात बसली थी, टांगा रोका, और ये बोला. छत्तीस, एक फूटा हुआ. तू समझेगा बोली."

मी तिथेच ओट्यावर बसलो, जिथे तिचा डबा असायचा. लच्छूकडे पेन्सिल मागितली. वर लिहिलं, दिलेलं. दोरावर लोटे छत्तीस. त्यातला एक फुटका, तो रिकामाच वर येतो, तो सोडला आहे. एका लोट्यात तीन शेर. दोराचे फेरे वीस. खाली लिहिलं, मागितलेलं: हौदातलं पाणी. मग एकेक पायरी, एकाखाली एक, न गाळता. लच्छू मागे उभा राहून बघत होता.

उत्तर आलं. लच्छू वाकून वाचायला लागला, तसा मी त्यावर हात ठेवला.

तुम्हालाही मी ते सांगणार नाही. दिलेलं सगळं दिलं आहे. काढा.